पन्नास टक्के सावली

कपाटात ग्राफचे दोन गठ्ठे उरले होते.
मोर संपले, कमळं संपली,
एकतीस वर्षं चौकोन भरून भरून
चादरीवर उतरवलेली सगळी पाखरं संपली,
कारखान्यात कॉम्प्युटर आला, आणि मी घरी.
तेव्हा पहिल्यांदा स्वतःसाठी नकाशा काढला:
एक चौकोन म्हणजे एक वीत,
मागच्या दारी, मोरीपासून भिंतीपर्यंत
अकरा फूट बाय सात.
त्यातून दोरीची जागा सोडली, कारण राजमणी म्हणाली,
कपडे काय तुमच्या टोमॅटोवर वाळत घालू?

दस्तगीर वेल्डरनं कागद उलटा धरला, सुलटा धरला, हसला.
"बोल्लीमामा, सोलापुरात काचघर?
अख्खं गावच की काचघर आपलं."
तरी अक्कलकोट रोडच्या भंगारातून
कुठल्याशा मोडलेल्या शेडचे अँगल घेऊन आला.
एकावर पिवळ्या रंगात अजून चौदा लिहिलेलं.
चौदा नंबरच्या मागाशेजारचा असणार.
मी काही बोललो नाही.
तो घराच्या बाजूच्या कोपऱ्यात उभा करायला लावला,
जाता-येता हात लागेल असा.

पहिल्या खेपेला मी चुकलो.
थंड मुलखातलं एक चित्र डोक्यात होतं,
तसं चारी अंगांनी प्लास्टिक ताणलं,
चादरीची किनार दुमडावी तसं घट्ट, फट म्हणून नाही.
मार्चची सतरा तारीख, दुपारचे दोन.
आत शिरलो तर चष्म्यावर वाफ
आणि एकशेवीस रोपं,
सकाळी शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी होती ती,
शिजून, मान टाकून.
राजमणी दारातूनच म्हणाली, भाजी झाली, मीठ घालू का?
मग मुकाट्यानं आत आली
आणि माझ्याबरोबर ट्रे उचलू लागली.

त्या रात्री लाईट गेली होती. पडून राहिलो.
पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचो तेव्हा
नव्या पोरांना मीच सांगायचो:
भोक आहे तिथंच धागा उठतो रे,
भोकं विसरलास तर चादर कोरी निघंल.
मीच सांगायचो.
एकतीस वर्षं.

सकाळी दुकानात गेलो.
तो विचारतो, सावली किती टक्के देऊ?
पस्तीस, पन्नास, पंच्याहत्तर.
जन्म इथं गेला, पण सावली टक्क्यानं मिळते
हे कुणी सांगितलं नव्हतं.
सवयीनं खिशातून भिंग काढलं,
हिरव्या जाळीवर टेकवलं, इंचात किती ते मोजू लागलो.
"काका, नेट आहे, चादर नाही."
म्हटलं, विणलंय तर खरं कुणीतरी.
पन्नास घेतली.

या वेळी माथ्याला फूटभर उघडं ठेवलं.
पश्चिमेला गोणपाट, तांदळाच्या धुवणानं ओलं करायला.
नळ पाचव्या दिवशी, तोही कधी रात्री अडीचला,
म्हणून आधी पिंपं मोजली, मग रोपं:
दोन पिंपं, चाळीस रोपं, रोपाला एक पेला.
एकशेवीसचा हट्ट कुणाचा होता, देव जाणे.

नकाशात टोमॅटो होते, मिरच्या होत्या.
राजमणीनं न विचारता शेवटच्या दोन चौकोनांत
कनकांबराच्या काड्या खोचल्या.
मी म्हटलं, हे कागदावर नाही.
ती म्हणाली, मग काढा की.

आज चव्वेचाळीस आहे.
बाहेर फरशीवर पाय ठरत नाही,
आत ती जाळीला पाठ लावून बसलीय,
विडीची पानं कापायची जुनी कात्री घेऊन
पिवळी पानं छाटतेय.
तिच्या पांढऱ्या पोलक्यावर
ऊन बारीक चौकोनांत पडलंय,
एक उजेडाचा, एक सावलीचा, खांद्यापासून कमरेपर्यंत.
पेन्सिल कानावरच होती.
बोटं शिवशिवली, पण कुठून सुरू करावं ते सुचेना,
आणि तेवढ्यात ती म्हणाली,
बघत काय बसलात, पेला द्या इकडं.