उलटा दाब

मिरकरवाड्याच्या जेटीवर लाँच लागली तेव्हा
इर्शादने खिशातून काढून दिला
एक मेलेला दिवा.
नखाएवढा पत्रा, कडेला मीठ, मध्ये पिवळा ठिपका.
"घे, तुझ्या कॉलेजला," म्हणाला.
"असे दोनशे एका पाटीवर.
रात्री पेटवले की बांगडा
आपल्या पायांनी चालत येतो."

मी काही बोलले नाही.
बंदीचा कागद त्यालाही पाठ आहे,
आणि जानेवारीत रापणकरांनी
याच जेटीवर धरलेली कॉलर.
त्यात एक हात मामूंचा होता.
तेव्हा एकदाच विचारलं होतं मी,
कोणी ढकललं तुला त्या बोटीवर?
कोणीच नाही, म्हणाला.
मला ते खोटं वाटलं.

अम्मीच्या कानकोरण्याने
पिवळा लेप खरवडला. खाली निळा.
पांढरा उजेड मुळात निळाच असतो,
मी सांगायला गेले,
तर ती म्हणाली, आधी माझं कानकोरणं धू.

दिवा मेला नव्हताच.
केसाहून बारीक एक सोन्याची तार तुटलेली,
तिथे चांदीच्या पेस्टचा टाका घातला.

चिपच्या आत थर, थरांमध्ये विहिरी.
पुस्तकातही विहीरच म्हणतात,
फक्त रुंदी तीन नॅनोमीटर.
त्यात एक इलेक्ट्रॉन पडतो,
त्याने मागे सोडलेली रिकामी जागाही पडते.
दोघं भेटली की उजेड.
दाब लावला की तळ कलतो,
एक या भिंतीला जाऊन टेकतं, दुसरं त्या.
भिंती आहेत म्हणून ताटातूट होत नाही.
भेटतात, पण उशिरा,
आणि त्या भेटीचा रंग
थोडा खचलेला, तांबड्याकडे सरकलेला.

हे मी वर्गात शिकवते. फळ्यावर नेहमी तांबड्याकडेच सरकतं.

शनिवारी कॉलेज रिकामं.
भाटकरांनी एसी आणि डिह्युमिडिफायर दोन्ही लावले,
स्पेक्ट्रोमीटरच्या पेटीतली
सिलिकाची पुडी पुन्हा गुलाबी झाली होती.
दोनदा लाइट गेली. तिसऱ्यांदा जांभळा लेझर स्थिर झाला.

शून्य व्होल्ट: चारशे एक्कावन्न.
उलटे दोन: चारशे एकोणपन्नास.
उलटे पाच: चारशे सेहेचाळीस.

भाटकर खुर्चीतून उठले.
"वायर उलटी लागलीय काय, मॅडम?"
काढली, लावली. तपासली. परत लावली.
रंग निळ्याकडेच जात राहिला,
दाब वाढेल तसा अधिक निळा,
जणू मी त्याला ओढत नव्हते,
त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरवत होते.

मग मला तो स्फटिक आठवला.
हा थर ज्याच्यावर वाढवला
त्याच्या अणूंची वीण वेगळी,
तिच्यावर बसताना हा आखडला,
आणि त्या आखडण्यातच विहिरीचा तळ कलला.
कुणी बटणाला हात लावायच्या कितीतरी आधी.
मी ज्याला शून्य म्हणत होते
ते माझ्या यंत्राचं शून्य होतं.
त्याचं शून्य आणखी कितीतरी व्होल्ट पुढे, उलट्या बाजूला.

सहा-सातला जाऊन पाहू, भाटकर म्हणाले.
सातला चिप जळली.
वहीत तेवढंच लिहिलं.

संध्याकाळी भाट्याच्या पुलावर स्कूटर थांबवली.
ओहोटी. खाडीच्या तोंडाशी वाळूची पाठ वर आलेली.
क्षितिजावर पांढरी रांग लागत होती,
एक, मग चार, मग मोजता येईना.
पुलावर उभे असलेले दोन गरीवाले
तिकडे बघून थुंकले.
त्यांचंही बरोबर होतं.

इर्शाद त्यातल्या कुठल्या उजेडाखाली आहे
हे इथून कळत नाही.
एवढंच माहीत आहे,
त्याच्या पाटीत दोनशेतली एक जागा रिकामी आहे
आणि ती माझ्या पर्समध्ये,
टिश्यू पेपरात गुंडाळलेली.