बशी

पारास्कोव्या रोज सकाळी किनारा चालते.
खिशात पेन्सिल, कारण शाई इथे गोठते.
गोठायची.
हातमोज्याचं एक बोट कापलेलं, मोजायला.

पहिल्या वळणापर्यंत एकोणीस.
पुढे पाय कुठे ठेवायचा ते बघावं लागतं.

काळी पाठ, पांढरं पोट, टोकदार चोच.
या पक्ष्याचं नाव मर.
ती सहज म्हणते. मला सहज लिहिता येत नाही.
माझ्या भाषेत हा तळतळाट आहे,
किंवा आईच्या तोंडची माया:
मर मेल्या, पण दोन घास खाऊन जा.

ती एक उचलते,
छातीच्या हाडावरून अंगठा फिरवते.
हाड सुरीसारखं वर आलेलं.
तेल नाही. जाळं नाही. गोळी नाही.
वहीत शेवटचा रकाना कारणाचा.
मी डोकावतो, मनातल्या मनात मराठी करतो: उपास.
धरलेला नव्हे. पडलेला.

बेरिंग समुद्रात एवढंसं बेट,
एक चर्च, एक दुकान, एक धक्का,
आणि खेकड्यांचा कारखाना, ज्याचा पट्टा आता फिरत नाही.
तिचा भाऊ तेरेंती तिथे राखणीला आहे.
पाइप गोठू नयेत म्हणून त्याला पगार मिळतो.
यंदा तेही गोठले नाहीत.

रात्री जेवणाच्या टेबलावर त्यानं मला समुद्र मांडून दाखवला.
चहाची बशी पालथी ठेवली: हा बर्फ.
झाकणाला आतून वाफ धरते ना,
तसं याला खालून शेवाळ धरतं.
वसंतात ते ठिबकतं,
आणि खाली तोंडं वासलेलीच असतात:
तांदळाच्या कणीएवढे जीव, अंगात लोणी भरलेले.
ते पोलॉकची पिल्लं खातात, पिल्लांना पक्षी,
असं करत करत आमच्या टेबलापर्यंत.

आणि बर्फाखालचं गार पाणी तळाशी जाऊन बसतं,
उन्हाळाभर जागचं हलत नाही.
त्या गारव्याला कॉड बिचकतो.
पलीकडे खेकड्यांची पोरं वाढतात.
वीट नाही, दार नाही,
पण भिंतच ती.

मग त्यानं बशी उचलली.
एवढंच केलं.
टेबलावर ओलं वर्तुळ राहिलं,
तेही पारास्कोव्यानं फडक्यानं पुसलं,
तिला वाटलं चहा सांडला.

मोठा मासा लहान माशाला खातो,
हे लहानपणी ऐकलं तेव्हा मला लहानाची दया आली होती.
लहानाच्या पोटात काय असतं,
हे ना मी विचारलं, ना मास्तरांनी सांगितलं.

कोमट पाण्यात भूक वाढते, तेरेंती म्हणाला.
खेकडा तोच, तळ तोच, चिखल तोच,
भूक मात्र जवळजवळ दुप्पट.
त्यात भिंत नाही म्हणून कॉड आत आलेला,
त्यालाही तीच भूक लागलेली.
आणि लोण्याचे जीव गेले,
त्यांच्या जागी बारके, कोरडे,
कितीही खाल्ले तरी पोटाला काही लागत नाही.
समुद्र भरलेला दिसतो, बघ. काठोकाठ.
तो हे खिडकीकडे बघत म्हणाला.
खिडकीत अंधार होता.

आज किनाऱ्यावर मी तिला मर या शब्दाचं सांगितलं.
ती हसली. एवढी, की वही वाळूत पडली.
मग डोळे पुसत तिनं विचारलं,
याच्या उलट तुमच्यात काय म्हणतात?

जग.

आणि एवढा हा सगळा पसारा,
पाणी, आकाश, आपण, याला?

तेच. जग.

तिनं दोनदा म्हणून पाहिलं.
ज काही तिला जमेना.
मग वहीवरची वाळू झटकली, वाकली,
पुढचा पंख उलटून पाहिला.

दोनशे सात.