चाव्यांची वही

उचगावच्या दवाखान्यात माझं काम वहीचं.
लांबट, हिरव्या पुठ्ठ्याची, वर कानडीत : नायि कडित.
हेसरु, ऊरु, वय, कुठं चावलं,
प्राणी पाळीव की मोकाट,
आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना
ज्यात सहसा कुणी काही लिहीत नाही.

सोमवारी सुगंधा पावशे आली,
बाचीची, शिनोळीला काजू सोलायला जाणारी.
पोटरीला फडकं, फडक्याखाली हळद,
हळदीखाली चुना, चुन्याखाली
चार दात.
"बांधून आणलंय की," म्हणाली, जणू डबाच.

महादेवी सिस्टरांनी नावसुद्धा विचारलं नाही.
पाय नळाखाली धरला, साबण दिला,
घड्याळ दाखवलं : हदिनैदु निमिष, पंधरा मिनिटं.
काट्याकडं बघत सुगंधा धूत राहिली.
हळद गेली, चुना गेला,
जरा रक्त आलं, तेही गेलं.
रांगेतली म्हातारी पुटपुटली,
एवढ्या पाण्यात माझी भांडी झाली असती.

मग मी. ऊरु : बाची.
"कुत्रं कुठलं?"
"दगडाच्या पलीकडचं."
"म्हणजे महाराष्ट्रातलं?"
"चावलं तवा पलीकडं होतं. मी अलीकडं पळाले,
तेबी मागनं आलं.
रात्री आमच्या स्टॉपवर निजतंय,
सकाळी त्यांच्या मिसळवाल्याफुडं बसतंय."

पेन थांबलं,
जिथं मोठमोठी माणसं
साठ-सत्तर वर्षं थांबलीत, तिथंच.
सिस्टर सुई भरता भरता म्हणाल्या,
आधी कानडीत, मग माझ्यासाठी तुकड्यातुकड्यानं :
"विषाला... हद्द नाही. तू लिही."

पहिल्या सुईचा दिवस आम्ही शून्य धरतो.
शून्य, तीन, सात, अठ्ठावीस.
खोल होतं, म्हणून सिव्हिलची चिठ्ठीही.
सुगंधानं बोटं मोजली, शून्याला बोट सापडेना.
"आज म्हंजे काहीच नाही होय?"
आज म्हणजेच सगळं, असं म्हणायचं होतं.
म्हणालो, "खाडा करू नका."
"सातव्याला आमचा पगार."
"मग खाडा तिकडं करा."

मागल्या वहीत एकोणीस नंबरच्या ओळीत
शून्य आहे, तीन आहे, पुढं कोरं.
त्याची जखम सुकली होती. सुगीची गडबड होती.
दोन महिन्यांनी बायको सांगत होती,
तांब्या पुढं केला की तोंड फिरवायचे,
पंख्याच्या वाऱ्यालाही दचकायचे.
वर कळवायचा कागद मीच भरला.
तेव्हापासून कोरी चौकट
मला नुसती कोरी दिसत नाही.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, असा नियम.
कुणी ठेवायची, ते नियमात नाही.
पंचायतीनं पलीकडं बोट दाखवलं,
पलीकडच्यांनी अलीकडं.
मग सुगंधाच. सकाळच्या पाळीला जाताना
बिस्किटं लांबनंच टाकायची,
लंगडत मागं सरायची,
आणि मला फोन, दोनच शब्दांचा :
"खाल्लं. बघतंय."
पाचव्या दिवशी दिसलं नाही.
सहाव्या दिवशी मुकादमाचा निरोप,
कारखान्यामागं सावलीला असतंय आता.
पाणी पितंय?
पितंय की. लपालपा.

दहाव्या दिवशी मी शेवटचा रकाना उघडला :
प्राण्याची स्थिती.
कानडीत तो शब्द जीवंत, आमचा जिवंत.
एक जरा लांबवून म्हणायचा, एक आखडून.
मी लिहिला, आणि उगाच दोनदा वाचला,
एकदा असा, एकदा तसा.

अठ्ठाविसाव्याला सुगंधा आली ती
तुकडा काजूची पुडी घेऊन.
"कुत्र्याचं नाव लिवलंय काय वहीत?"
"तसा रकाना नाही."
"मग ऱ्हाऊ दे. मी ठेवलंय एक,"
म्हणाली, आणि बाही वर सारली.