चौथा पाय

पुलपीट साहेबाच्या मापाचं होतं.
सहा फूट दोन इंचांचा साहेब,
साग स्वतः निवडून घडवून घेतलेला.
पहिल्या रविवारी सालोमीबाई बोरकुटे त्यामागे उभी राहिली
तेव्हा आम्हाला फक्त भांग दिसला.
मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं,
"भांग बोलून राह्यला गा."
हसले सगळे. मीही.

तिच्या आईला गावाने ऐकलं होतं.
राहेल, बायबलबाई, पायांत टायरच्या चपला,
धानाच्या बांधांवरून या टोल्याहून त्या टोल्याला जायची,
विहिरीवर, जात्यापाशी, बाळंतिणीच्या खाटेशी बोलायची.
देवळात मात्र खाली, सतरंजीवर.
पुलपिटाला चार पायऱ्या होत्या.
तिने त्या दर शनिवारी पुसल्या.

अर्ज अकरा जणांचा.
"बाईच्या हातून प्रभुभोजन घेणे आम्हांस मान्य नाही."
अक्षर माझं. तिसरी सहीही माझी, जखऱ्या मिस्त्री.
वर जायचा कागद आधी तिच्याच हाती पडला
आणि तिने तो सूचनांमध्ये वाचला,
मूठतांदळाचा हिशेब आणि एका लग्नाची पुकार
यांच्या मधोमध,
नावांसकट, आवाज न चढवता.
म्हणाली, "'प्रभु'तल्या भ चा म झालाय.
आता प्रार्थना करू या."

त्या आठवड्यात मी स्टूल केलं.
कोणी सांगितलं नव्हतं.
माप घ्यायला तिच्यापुढे जायची छाती नव्हती,
भांगावरून अंदाज धरला.
बुधवारी रात्री पुलपिटामागे ठेवून आलो,
चोरासारखा.

रविवारी चेहरा दिसला.
डाव्या भुवईवर देवीचा व्रण.
प्रभुभोजनाला मी उठलो नाही.
पुढच्या वर्षी उठलो.

कॉन्फरन्समध्ये नेमणुकांची यादी वाचतात,
नाव येईपर्यंत कोणाला माहीत नसतं कोण कुठे.
तीन वर्षांनी तिचं नाव दुसऱ्या गावापुढे आलं,
मग तिसऱ्या,
मग जिथे खांब होते पण वीज नव्हती तिथे.
दर वेळी यष्टीच्या टपावर
एक पेटी, एक वळकटी,
आणि पाय वर केलेलं माझं स्टूल.

बिशपच्या निवडणुकीला सतरा फेऱ्या झाल्या.
मंडळीच्या मासिकात फोटो आला, अंगात झगा, हातात काठी.
गाव म्हणालं, बाई उंच झाली.
मी गप्प.

मग यादी तिच्या हातात आली.
सख्ख्या भाच्याला तिने मेळघाटाच्या कडेला धाडलं,
बहीण चार वर्षं बोलली नाही.
शाळेचं मैदान विकायला निघालेल्यांना तिने सही दिली नाही,
त्यांनी तिच्यावर केस टाकली.
साक्षीच्या पिंजऱ्यात स्टूल नेता येत नाही.
वकील म्हणाला, मोठ्याने बोला, बाई, तुम्ही दिसत नाही.
ती बोलली.
निकाल अजून लागायचाय.
मैदानावर पोट्टे कबड्डी खेळून राह्यले.

परवा आली, निवृत्त, ऑटोतून.
"जखऱ्याभाऊ, हे डुगडुगतं."
उलटं केलं. चौथा पाय आखूड, दीड सूत.
माझंच माप. पहिल्या दिवसापासून आखूड.
खाली घडीवर घडी घालून चिकटवलेला कागद,
पायाखाली राहून राहून चामड्यासारखा झालेला.
कडेला निळी शाई.
भ चा म.

मी रंधा शोधायला लागलो, उगाच.
"बाकीचे तीन तासू नका," ती म्हणाली,
"कागद झिजलाय, एवढंच. नवा घाला."
"तसला आता कुठून आणू, बाई?"
यावर ती जी हसली,
कवळी सावरावी लागली तिला.

शेवटी सागाची चकती बसवली.
कागद खिशात आहे. घडी मोडली नाही.

या रविवारी पुलपिटावर नवा पाळक होता,
ताडमाड पोरगा, पानं उलटीसुलटी करत.
ती शेवटच्या बाकावर.
बाकही साहेबाच्याच मापाचे,
तिचे पाय जमिनीला पुरेनात.
मी स्टूल पुढे सरकवलं.
तिने चपला काढल्या.