आत आपलं कोणी

दिल्लीचा भाचा सुट्टीला आला.
वहीत लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर,
प्रत्येकाखाली डिंकानं चिकटवलेलं तिकीट.
“तुमच्याकडे काय आहे, मामी?”

ठाणंही राजधानी होतं, म्हटलं,
हजार वर्षांपूर्वी. शिलाहारांची.
जरा जास्तच ठासून म्हटलं असावं.

कौपिनेश्वराच्या नंदीच्या पाठीवर हात फिरवून झाला,
मासुंद्याला एक फेरी झाली.
जांभळी नाक्यावर जांभळं नव्हती,
करवंदं घेतली.

मग किल्ला.
पोर्तुगीजांनी पाया घातला, मराठ्यांनी तट पुरा केला,
इंग्रजांनी कुलूप लावलं
ते अजून निघालेलं नाही.

फाटकासमोर रांग.
बायका भिंतीच्या सावलीला टेकलेल्या,
मांडीवर धुतलेल्या कपड्यांच्या पिशव्या,
मुठीत आधारकार्ड, घामानं वाकलेलं.
अन्वय रांगेत जाऊन उभा राहिला, सहज,
लाल किल्ल्यापाशी राहिला असेल तसाच.

पुढच्या बाईनं वळून विचारलं,
“कोण आहे आत तुमचं?”

माझ्या तोंडात करवंदाची बी.
तो म्हणाला, “शिलाहार.”

बाई विचारात पडली.
“आडनाव ऐकलं नाही कधी.
नवीन आलेत का?”
आणि पिशवी उचलून
त्याला सावलीत जागा करून दिली.

रात्री तो झोपल्यावर वही उघडली.
तुरुंगाची भिंत मापात काढलेली,
बायका भिंतीपेक्षा उंच.
खाली तिकिटापुरती रिकामी चौकट,
आणि चौकटीत पेन्सिलनं, खाडाखोड करून :

तिकीट नाही.
आत आपलं कोणी असावं लागतं.