चौदा अ, चौदा ब

रात्रीचे पावणेबारा. हडर्सफील्डला
बॉयलर बंद करून बसलेय, पायांत दोन दोन मोजे.
स्क्रीनवर नागपूर ते बंगळुरू,
माणसं दोन: शशीमावशी, यादवकाका.

तिकीट स्वस्त निघालं.
हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी,
तशी मी पुढचं पान उघडत गेले.

पायांना जागा हवी, बाराशे.
पुढे बसायचं, आठशे.
खिडकी साडेतीनशे.
आणि मधली खुर्ची,
जी जन्मात कुणी मागून घेतली नाही,
तीही दोनशे नव्वद.
काहीच नको म्हटलं तर बारीक अक्षरांत:
आम्ही देऊ ती जागा.
म्हणजे एक जण सातव्या रांगेत,
दुसरा सत्ताविसाव्या.

रेणूच्या बाळंतपणाचे लाडू चार किलो.
पंधराच्या वर गेलं की किलोला सहाशे.
काका फोनवर म्हणाले, नाकापेक्षा मोती जड,
लाडू मी कोटाच्या खिशात नेतो.
कोट? बंगळुरूला? एप्रिलमध्ये?
नेतो म्हणाले.

जेवण नको. विमा नको. लवकर चढणं नको.
दारावरच्या विक्रेत्याला परतवावं तसं
नको नको करत शेवटाला आले
तर तिथे सोयीचं शुल्क.
कुणाची सोय, ते लिहिलं नव्हतं.

खुर्च्यांपाशी परत गेले.
सहाशे चाळीस. भागिले, गुणिले,
साडेपाच पौंड.
हॅलिफॅक्सला बसने जाऊन आलं की सहा होतात.

आता ही दोघं कोण, तर
हिंगण्याचा प्लॉट काकांनी न विचारता विकला
त्याला अकरा वर्षं झाली.
तेव्हापासून घरात बोलणं म्हणजे
गॅस बंद कर.
कडी लावली का.
गोळी घेतली.
ताट वेळेवर वाढलं जातं,
चष्मा हरवला तर शोधूनही दिला जातो,
पण वाक्य असं एकही नाही.
यांना मी शेजारी बसवणार, पैसे भरून.

भरले.

आठ दिवसांनी मावशीचा फोन.
मी बसच्या वरच्या मजल्यावर,
एलंडचा उतार लागलेला,
शेजारच्या जागेवर माझी पिशवी, फुकट.

काहून भरले गं पैसे?
दोन तास तरी एकटी बसली असती सुखानं.
मग थांबली.
मग म्हणाली,
विमान वर गेल्यावर यांचे कान दुखले,
यंत्र काढून ठेवलं खिशात, लाडवांसंगं.
मी खिडकीतून ढग पाहत होती
आणि काय झालं माहीत नाही,
बोलायलाच लागली.
प्लॉटचं बोलली. माझ्या बांगड्यांचं.
तुझी आई आजारी होती तेव्हा
यांनी मला पाठवलं नाही, तेही.
सगळं. पार उतरेपर्यंत.

काका काय म्हणाले?

काय म्हणतील, ऐकूच नाही आलं.
मान हलवत होते मधूनमधून,
त्यांना वाटलं मी ढग दाखवून राहिली.

बस थांबली. कुणीतरी चढलं,
मी पिशवी मांडीवर घेतली.

मग त्या मुलीला का नाही सांगितलंस,
तिकडच्या खुर्चीवरच्या?
वा गं, म्हणाली, परक्या माणसाला
असं कसं सांगायचं?

दोन थांबे ती रेणूच्या बाळाचं सांगत राहिली.
नाक कुणासारखं, केस किती.
लाडू सगळे पोचले, तीन फुटले,
ते काकांनीच कोटातून झाडून खाल्ले.

आणि हे पहा,
विमानात यांनी पाण्याची बाटली घेतली,
सत्तर रुपयांची.
ती तुझ्या हिशेबात धरू नको.
ती माझ्यासाठी घेतली होती.
बोलून बोलून घसा कोरडा पडला होता माझा,
तेवढं दिसलं त्यांना.