कातडीपुरता रंग

आईला मी सांगितलं होतं, कोळशाचं काम आहे.
खोटं नव्हतं ते.
कशाचा कोळसा, एवढं तिनं विचारलं नाही,
आणि श्रावण होता, मीही बोललो नाही.

अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या मागे, सुतळीच्या गोदामावर
तुंगेकर मिस्त्रींचा माळा.
देवनारहून पोत्यात हाडं यायची,
धारावीतून चामड्याची कातरणं.
दोन्ही वेगवेगळी जाळायची, कुटायची,
मापानं मिसळायची. माप मिस्त्रींच्या मुठीत,
कागदावर कधीच नाही.

त्या काळ्या भुकटीत, लोखंडी डब्यात,
बंदुकीचं पोट पुरायचं,
घोडे, कमानी काढून रिकामं केलेलं,
भिंतीला कुठेही टेकू न देता.
झाकणाला माती. मग भट्टी.
चार तास मिस्त्री कुणाशी बोलत नसत,
डब्याचा लाल बघत बसत.
पिकल्या तोंडल्याचा हवा, त्यापुढे नको.

पाणी आदल्या रात्रीच भरलेलं.
नळाच्या ताज्या पाण्यावर रंग रुसतात, म्हणायचे.
माझं काम, पिंपाच्या तळाशी सोडलेल्या नळीत
सायकलच्या पंपानं हवा भरत राहणं.
डबा उलटा व्हायचा, मध्ये वारा लागू न देता,
आणि पाणी एकदाच किंचाळायचं.

वर काढलं की
भाऊच्या धक्क्यावरचा तेलाचा तवंग,
गुडघ्यावरचं चौथ्या दिवसाचं काळंनिळं,
मध्येच वाळल्या गवताची एक रेघ.
कुठला रंग कुठे बसेल, मिस्त्रींनाही ठाऊक नसायचं.
केसाएवढं खोल कडक. आत लोखंड मऊच.

इंदुमती अजिंक्य आल्या तेव्हा
निवडणुकीला ठाण्यात जमा केलेली
सासऱ्यांची दुनळी नुकतीच सोडवलेली.
"विकायचीय. गिऱ्हाईक म्हणतं, रंग उडालाय.
नवे चढवून द्या."

मिस्त्रींनी दस्ता उतरवला.
लाकडाखाली, जिथे शंभर वर्षं उजेड शिरला नव्हता,
अंगठ्याएवढा जांभळा. ओला वाटावा असा.
बाहेर सगळं राखाडी,
आणि पोटाखाली एक गुळगुळीत चकाकी,
जिथे धरून कुणी ती एका हातात तोलत चालायचं.

बाईंनी तिथे हात लावून बघितला.
बसेना.
"डावा हात त्यांचा. उजव्यात छत्री असायची.
पक्षी एकही मारला नाही. वसईला जायचे, भिजून यायचे."

"भट्टीत हे जाईल," मिस्त्री म्हणाले. "आतलं जांभळंही."
"असंच विकलं तर?"
"निम्मे."
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
"चढवा," म्हणाल्या. "छप्पर गळतंय."

त्या रात्री पंप मीच मारला.
रंग असे उतरले की मिस्त्री त्यांच्याकडे पाठ करून बसले,
विडी पेटवायची विसरले.

घरी आई ताट वाढत होती.
हात नीट धू, म्हणाली, कोपरापर्यंत.
पहिल्या दिवसापासून
ती हेच म्हणत आली होती.